सूर्यवाल्यांना ऊन

चिमीच्या रक्तात ड जीवनसत्त्व औषधालाही सापडेना. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि सहज विचारलं, "काम काय करता?"

"सूर्याचा अभ्यास," चिमी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा तोंडासमोर धरला. शेजारी बसलेल्या आईला तेवढाही आडोसा नव्हता. ती सरळ हसली.

चूक चिमीची नव्हती. वेधशाळेच्या मनोऱ्यावरचे आरसे ऊन पकडून खाली तळघरात पाठवत, आणि ते तपासायला चिमी दिवसभर तिथे अंधारात बसे. आई निवृत्त ट्रॅफिक हवालदार. तिची सगळी नोकरी भर चौकात गेली होती.

"मला सूर्य डोक्यावर घेऊन पगार मिळाला," घरी येताना आई म्हणाली, "तुला त्याच्यापासून लपून मिळतो. शिक्षणाचा फायदा असतो, तो असा."

गोळ्या होत्याच, शिवाय रोज उन्हात बसायला सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी आईने गच्चीवर ड्यूटी लावून घेतली. चिमी खुर्चीसकट हळूहळू पाण्याच्या टाकीच्या सावलीकडे सरकायला लागली. आईने नुसता तळहात वर केला. चिमी जागीच थांबली.

"हे ऊन आहे ना," बसल्या बसल्या चिमी म्हणाली, "ते सूर्यावरून निघून आठ मिनिटांत इथे पोचतं. पण सूर्याच्या पोटातून वरपर्यंत यायलाच त्या उजेडाला हजारो वर्षं लागतात. काही जण तर लाखभर म्हणतात."

"का? वाटेत काय आहे?"

"गर्दी. आत सगळं इतकं दाटलेलं असतं, की जरा पुढे गेला की आपटला, परत भलतीकडे वळला."

"म्हणजे चौकात हवालदार नाही," आई म्हणाली. मग चिमीची बाही वर सारत म्हणाली, "एवढ्या लांबून पाहुणा येतो आणि तू त्याला दारातून परत पाठवतेस."

चिमीने चिडून बाही पुन्हा खाली ओढली. त्या रागातच ती म्हणाली, "एकदा येऊन बघ तरी, मी काय करते ते."

आई आली. तळघरात एका पांढऱ्या टेबलावर सूर्य पडला होता, ताटाएवढा, स्वच्छ गोल. कडेला एक काळा डाग. आईने पुढे होऊन तळहात धरला. डाग तिच्या हातावर आला.

"हा केवढा असेल?"

"आपली पृथ्वी त्यात सहज मावेल."

आईने हात सावकाश बाजूला घेतला.

"तिथे जरा गार आहे, म्हणून काळं दिसतं," चिमी म्हणाली. "साधारण चार हजार अंश."

"चार हजार म्हणजे गार?"

"बाजूला साडेपाच हजार आहे, त्या मानाने. तिथे चुंबकाचा जोर फार. खालून वर येणारा तापलेला वायू तो अडवून धरतो."

"नाकाबंदी," आई म्हणाली, आणि या खेपेला तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. ती बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली. चिमीला आतून फार बरं वाटलं, पण तिने ते दाखवलं नाही.

मग आईची नजर टेबलाभोवतीच्या माणसांवर गेली. दुर्बीण सांभाळणारा, आरसे पुसणारी, आकडेमोड करणारे दोघे. सगळे पांढरेफटक, मुळ्यासारखे.

"तुमची कुणाची रक्तं तपासलीत का?" आईने विचारलं.

सगळे पुन्हा टेबलावरच्या सूर्याकडे बघायला लागले.

जेवणाच्या सुट्टीत वेधशाळेच्या पायऱ्यांवर ते सगळे ओळीने बसले होते, बाह्या वर करून, डबे मांडीवर ठेवून. पुढे आई उभी. माणसं कुठे गेली म्हणून शोधत संचालक बाहेर आले. उन्हाने त्यांचे डोळे मिटले.

"इथे काय चाललंय?"

"तुमच्या साहेबाची ओळख करून देतेय," आई वर बोट दाखवत म्हणाली. "कोट काढा आणि बसा."

संचालकांनी एकदा चिमीकडे पाहिलं. चिमी डब्यात बघत होती. त्यांनी कोट काढला, आणि आरसे पुसणारी जरा सरकून बसली.