दादाची रेघ

“हाताचा घोळ कधीपासून सुरू झाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“असतील चार-सहा महिने,” दादा म्हणाला. आज सकाळी शर्टाची बटणं बायकोनं लावून दिली, हे त्यानं सोयीस्करपणे गाळलं.

शेजारी धाकटा भाऊ बसला होता. त्याला सगळं तारखेनिशी ठाऊक होतं. दोघांचं शिवणकामाचं दुकान. कटिंग दादाचं, मशीन धाकट्याचं. पट्टी न लावता दादा खडूनं अशी सरळ रेघ मारायचा की गिऱ्हाईक काम विसरून बघत राही. मग एक बाही वाकडी कापली गेली. मग एक खिसा. धाकट्यानं बिघडलेला एकेक तुकडा तारखेची चिठ्ठी टाचून पिशवीत जमवला. एक दिवस पुराव्यानिशी दादाचं तोंड बंद करायचं, असा या शहाण्याचा बेत! त्याआधीच त्याचा तोल सुटला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तो ओरडला होता, “डोळे फुटलेत का तुझे? आजपासून कात्रीला हात लावायचा नाही.” दादा मुकाट्यानं इस्त्रीपाशी जाऊन उभा राहिला होता.

“दोन वर्षं झाली,” धाकटा म्हणाला. “पहिली बाही बिघडली त्याला.”

दादानं चमकून त्याच्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी मानेच्या एमआरआयच्या फोटोवर पेन टेकवलं. “मानेचे मणके झिजलेत. आतला मज्जारज्जू इथं चेपला गेलाय. ऑपरेशन करून त्याला जागा करून देऊ. आणखी बिघडू नये, हा मुख्य हेतू. गेलेलं किती परत येईल, ते सांगता येत नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं.”

“पण मान तर कधी दुखलीच नाही हो!”

“पुष्कळांची दुखत नाही.”

ऑपरेशन नीट पार पडलं. दीड महिन्यानं दादा गळ्यात पट्टा घालून दुकानात आला. “जन्मभर लोकांच्या कॉलरी शिवल्या,” तो म्हणाला, “आणि माझीच मापात चुकली बघ.”

धाकट्याला हसू आलं नाही. त्यानं टेबलाखालची पिशवी काढून दादापुढे ठेवली. “हे तुझ्याविरुद्ध जमवलं होतं, दादा. चिठ्ठ्या टाचत बसलो. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर... माझं चुकलं रे.”

दादानं तुकडे चाचपले. “मी तरी कुठे बोललो? वाटलं, वय झालं. कबूल करायची लाज वाटली.” मग म्हणाला, “एखादं कापड पसर. बघू तरी.”

धाकट्यानं स्वतःच्या शर्टासाठी आणलेलं कापड पसरलं. बाही आखायला दादानं खडू मुठीत धरला. रेघ वीतभर सरळ गेली, मग थरथरली, बाहेर झुकली आणि कशीबशी परत आली.

“पूस ती. तूच मार.”

धाकट्यानं पुसली नाही. कात्री घेतली आणि रेघ जिथं वळली तिथं वळत शेवटपर्यंत कापत गेला.

पुढच्या आठवड्यात तोच शर्ट घालून तो काउंटरवर उभा होता. एका गिऱ्हाइकानं त्याची बाही निरखली. “शिंप्याच्याच अंगावर असला शर्ट? कापला कुणी हा?”

“आमच्या दादानं,” धाकटा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मागे दादा काजात बटण घालायची खटपट करत होता. त्याचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा बटण शोधू लागले.