दारातली मोटर

श्यामरावसाहेबांनी एका ठेकेदाराची जुनी अमेरिकन गाडी घेतली, तेव्हाच पोलाद कारखान्याच्या क्वार्टरांच्या आमच्या मरोद्याच्या लाइनीत सगळ्यांनी ओळखलं की साहेबांनी हत्ती पाळला. बटण दाबलं की दाराच्या काचा आपोआप वर जातात म्हणे. आम्ही पाहिली तेव्हा एका दाराची काच कायमची खाली बसलेली होती, आणि त्याच दाराला विटांच्या ट्रकनं मोठा पोचा पाडला होता. नव्या भट्टीचं काम जोरात होतं आणि रस्ते कच्चे, त्यामुळे साहेब रोज धुळीनं लाल झालेल्या तोंडानं घरी पोचत.

शेवटी एका रविवारी त्यांनी गाडी आमचे शेजारी भाऊराव यांच्या दारात आणून उभी केली. भाऊराव मूळचे भंडाऱ्याचे, पितळेची भांडी ठोकणारे. तिकडचं काम आटलं तसे इकडे आले आणि साहेबांच्याच हाताखाली खलाशांच्या टोळीत लागले. क्रेनच्या साखळीला लोखंड अडकवायचं आणि भोंगा वाजला की बाजूला सरायचं, हे त्यांचं काम. माझा नवरा त्याच टोळीत, आणि लाइनीतले निम्मे पुरुषही.

पण भाऊरावांचे कान गेले होते. जन्मभराच्या ठोकाठोकीत आणि इथल्या गोंगाटात जे जायचं ते गेलं. हे तेव्हा एकट्या गयाबाईला, त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. कळलं असतं तर टोळीतून नाव कापलं गेलं असतं आणि नावाबरोबर क्वार्टरही. म्हणून ती गप्प होती, आणि पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की दारात येऊन उभी राहायची. आम्हाला वाटायचं, बाई नवऱ्याची वाट पाहते. आम्ही तिला चिडवायचोही.

त्या दिवशी दोघं पोचा काढायला बसले. भाऊराव दाराच्या आतून मोगरीनं ठोकत आणि गयाबाई बाहेरून लोखंडी ठोकळा दाबून धरी. पत्र्याचा आवाज बदलला की ती त्यांच्या मनगटावर बोट टेकवायची आणि ते थांबायचे. मी ओसरीवरून पाहत होते. उतारवयात काय हे लाडीगोडीचं काम, असं मनात आलं आणि हसूही आलं. दार मात्र हळूहळू सपाट झालं. साहेब हात फिरवून खूश झाले.

मग काचेची पाळी आली. भाऊरावांनी दारातली छोटी मोटर बाहेर काढली, पुसली, तारा जोडून परत बसवली आणि बटण दाबलं. काच हलली नाही. मोटर मेली असं समजून त्यांनी ती पुन्हा काढली. पुन्हा बसवली, पुन्हा बटण, पुन्हा तेच. गयाबाई तेव्हा हात धुवायला नळावर गेली होती. ती परत आली तोवर साहेब पुढे सरसावले होते.

"अहो भाऊराव, मोटर तर चांगली गुणगुणून राहिली. दाते घसरले असतील वरचे. तुम्ही मोटर काहून काढून राहिले?"

भाऊराव दारात डोकं घालून बसलेले. त्यांनी वरही पाहिलं नाही. साहेबांनी तेच पुन्हा विचारलं, तरी ते मोटरच पुसत राहिले. मग त्यांच्या समोर जाऊन हळूच विचारलं, क्रेनचा भोंगा ऐकू येतो ना. भाऊरावांनी हसून मान डोलावली. साहेब काहीही म्हणाले की ते अशीच मान डोलवत.

साहेबांनाही तेवढी मान पुरली असती. चांगला खलाशी कोणाला नको होता? पण गयाबाई बोलली.

"यायले आयकू येत नाई, साहेब. भोंगा बी आयकू येत नाई."

मला तिचा संतापच आला. स्वतःच्या हातानं घर मोडतेय ही, असं वाटलं. साहेबांचा चेहरा बदललेला पाहून भाऊरावांनी मागे वळून विचारलं, "काय म्हनलं तू?"

आता तिला टाळता आलं असतं. काही नाही म्हटलं असतं आणि साहेबांना नंतर हात जोडले असते. ती भाऊरावांसमोर येऊन उकिडवी बसली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमाले आयकू येत नाई म्हनलं. उद्यापासून क्रेनखाली जाऊ नका."

लाइनीतली माणसं दारादारात आली. त्यात माझा नवराही होता. भाऊरावांनी त्या सगळ्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"एवढ्या जोरानं काहून बोलली? साऱ्यायले आयकू गेलं."

"साऱ्यायनं आयकावं म्हनूनच बोलली," गयाबाई म्हणाली. "आता तुमाले कोनी खाली उभं राहू देनार नाई."

मग ती तिथेच, गाडीच्या दाराला टेकून, तोंडात पदर कोंबून रडली.