आंबुशी आणि खिडकीची जागा

सासऱ्यांची भूक परत आली, की घड्याळजींना त्यांची खिडकी परत मिळणार होती. घरात चांगला उजेड येणारी खोली एकच. तिथल्या खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल असायचं, पण गेला महिनाभर तिथे सासऱ्यांची खाट होती. घड्याळजी बोळकंडीत दिव्याखाली, डोळ्याला भिंग लावून बसत. मोहरीहून बारीक स्क्रू निसटला, की जमिनीवर पालथे पडून शोधत, आणि बायको पाठीवरून टांग टाकून पलीकडे जाई.

वखारीत जन्मभर मुकादमी केलेले सासरे आल्या दिवशीच बोलून बसले होते, "जावईबापू, अन्नावरची वासनाच उडाली बघा. पोटात आग पडेपर्यंत काही मी इथून हलत नाही."

"हलू नकाच," घड्याळजी म्हणाले होते. जावयाला दुसरं काय म्हणता येतं?

गोळ्या झाल्या, काढे झाले. मग एके दिवशी परसातल्या नळापाशी घड्याळजींना आंबुशी दिसली. तीन-तीन पानांची, पिवळ्या फुलांची, फरशीच्या फटीतून कुणालाही न विचारता उगवलेली. तोंडाची चव गेली की त्यांची आई हाच आंबट पाला वाटून द्यायची. त्यांनी मूठभर खुडून बायकोपुढे टाकला.

"अहो, हे तण आहे!"

"असू दे. मीठ-मिरची घालून वाट. लागू पडलं तर औषध, नाहीतर चटणी."

लागू पडलं. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी बोट चाटलं, दुसऱ्या दिवशी वाटी. आठवड्याभरात भाताचं पातेलं खरवडल्याचा आवाज बोळकंडीपर्यंत यायला लागला. घड्याळजींनी अडगळीत सरकवलेल्या टेबलावरची धूळ झटकली आणि जेवताना हळूच विषय काढला.

"आग पडली म्हणायची पोटात."

"पडली ना! म्हणून तर जात नाही," सासरे म्हणाले. "आमच्या अंगणात सगळं सिमेंट. तिथे हा पाला कुठून आणू? पुन्हा भूक मेली तर?"

"बाबांचं बरोबर आहे," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची वामकुक्षी चालू असताना घड्याळजी परसात उतरले आणि आंबुशी मुळासकट उपटायला लागले. डोळ्यांच्या कामावर पोट भरणाऱ्या माणसाने तिच्या शेंगा आधी बघायच्या की नाही? पिकलेल्या शेंगा हात लागताच तटातट फुटल्या. बिया कपाळावर उडाल्या, कुंड्यांत उडाल्या. चिडून त्यांनी सगळा भारा झटकला, तेव्हा तर उरलेलं परसही पेरून झालं.

काही दिवसांतच कुंडीकुंडीत हिरवं तरारलं. सासरे गहिवरले. "जावई असावा तर असा! न बोलता माझ्यासाठी मळा लावला. आता जायचं नावच काढत नाही."

घड्याळजींचा घास तोंडातच फिरला. अन्नावरची वासना उडणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं. बायकोने त्यांच्या ताटात चटणी वाढली.

"घ्या. बरं वाटेल."

त्यांनी रागारागाने चाटली. मग पुन्हा चाटली. मग नरमून म्हणाले, "जरा भात वाढ."

पातेल्याचा तळ सासऱ्यांनी केव्हाच गाठला होता.

एकूण काय, सासऱ्यांना भूक मिळाली, बायकोला माहेर घरबसल्या मिळालं, आंबुशीला तर अख्खं परस मिळालं. या सगळ्याची किंमत चुकती केली ती एकट्या घड्याळजींनी. आधी खिडकी दिली, आणि वर तो भात.