माझ्या पोटातली चिमणी आणि घरातली ढोली

सोमवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. वेळ अगदी बरोबर सांगतो, कारण ती माझ्या तोंडावरच लिहिलेली असते. त्याच वेळी बोडीच्या पाळीवर उभं राहून रंजीतानं मला तोंडाजवळ धरलं आणि ओरडली, "घरखर्चाचा हिशोब ठेवणारं अ‍ॅप दाखव!"

पाळीखाली बसलेल्या म्हशी दचकून उठल्या. ओरडायची काही गरज नव्हती. मला हळू बोललेलंही ऐकू येते. पण रेंज लांब आहे म्हणजे आवाजही लांब फेकावा लागतो, असं माणसांना वाटते.

मी रंजीताचा मोबाइल बोलतोय. आलापल्लीच्या अलीकडे, सागाच्या जंगलाला लागून आमचं गाव आहे. गावात रेंज नाही. ती फक्त बोडीच्या, म्हणजे आमच्या लहानशा तळ्याच्या, पाळीवर म्हणजे बांधावर येते, तीही वाटलं तर. म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव तिथं हात वर करून उभं असते. नव्या माणसाला वाटावं, आभाळाची पूजा चालली आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला म्हणतात. तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवते ती कोळशाच्या खाणींची माजरी. रंजीताचा भाऊ पियुष तिथं कोळशाच्या ट्रकवर होता, तो माझा पहिला मालक. त्याच्या खिशात राहून माझ्या घशात एवढी कोळशाची धूळ गेली की आजही माझा आवाज बसलेला आहे. मग त्यानं नवीन मोबाइल घेतला आणि मला ओल्या फडक्यानं पुसून भाऊबीजेच्या ताटात ठेवलं. "घे ताई, नवाच समज," म्हणाला. ताईनं समजून घेतलं. कोपऱ्यातला तडा तिनं पाहिला होता, पण भावाच्या ओवाळणीत खोट काढायची नसते.

आता तिला हिशोबाचं अ‍ॅप काऊन पाहिजे होतं, ते सांगतो.

आमच्या भागातली कितीतरी माणसं धानाची कापणी झाली की तेलंगणात मिरची तोडायला जातात. मुकादम गाडी घेऊन येतो, नावं लिहितो, आगाऊ उचल देतो आणि घरंच्या घरं गाडीत बसवून नेतो. मागच्या साली रंजीताही गेली होती, नवरा हेमराज आणि लेक हर्षाला घेऊन. मीही कमरेच्या पिशवीत होतो. तिथं हर्षा दिवसभर मिरचीच्या ढिगाजवळ बसायची. हात डोळ्याला लागला की किंचाळायची. रंजीता तिला मांडीवर घेऊन ओल्या पदरानं डोळे पुसायची, पण पदरालाही मिरचीच लागलेली. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

यंदा हर्षा पहिलीत बसली. अक्षरं जुळवायला लागली. रंजीतानं मनात पक्कं केलं की यंदा जायचं नाही. पण मनात पक्कं केल्यानं तेल-मीठ येत नाही. होळीपर्यंत घर चालते की नाही, हे तिला आधी पाहायचं होतं. म्हणून ती पाळीवर आली आणि म्हशी उठल्या.

पहिलं अ‍ॅप मोठं देखणं होतं. माझ्या पोटात जागा कमी, त्यामुळे ते आत यायला कोणीतरी बाहेर जाणं भाग होतं. रंजीतानं हर्षाचे फोटो पाहिले, एकही पुसला नाही. मग तिनं हेमराजचे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या इकडच्या रंगभूमीच्या, नाटकांचे व्हिडिओ पुसले.

"माहं नाटक काऊन पुसलं वो?" हेमराज चिडला. "राजाचं पोट फुटते तो भाग होता त्याच्यात!"

"तुमच्या राजापेक्षा घर मोठं हाय जी," ती म्हणाली.

त्या देखण्या अ‍ॅपनं आत आल्या आल्या विचारलं, पगार किती तारखेला होतो?

"त्याले सांग, तेंदूपत्ता निंघाला की होते," हेमराज म्हणाला. "अन् धान झालं की होते. मधात होत नाई."

तेंदूपत्ता म्हणजे बिडीचं पान, ते उन्हाळ्यात निघते. पण असं सांगायला तिथं जागा नव्हती. एक ते एकतीस एवढ्याच तारखा होत्या. खर्चाचे रकाने मात्र भरपूर. बाहेरचं जेवण, सिनेमा, पाळीव प्राणी.

"बैल पाळीवात बसते का?" हेमराजनं विचारलं.

रंजीतानं अ‍ॅप काढून टाकलं.

दुसरं अ‍ॅप मराठी बोलायचं. किती गोड! 'ताई, तुमची काळजी आता आमची.' रंजीताचा चेहरा खुलला. काळजी घ्यायला कोणी तयार झालं की ती लगेच विरघळते, कारण काळजी तिच्याकडे फार आहे. पण पुढच्याच पानावर त्यानं परवानगी मागितली. सगळे नंबर पाहू द्या, सगळे फोटो पाहू द्या, सगळे मेसेज वाचू द्या. खाली हिरव्या अक्षरात लिहिलं होतं, पैसे कमी पडले तर पाच मिनिटांत कर्ज.

तिचं बोट 'हो'च्या अगदी वर येऊन थांबलं. मला घाम सुटला असता, पण आम्हाला तशी सोय नाही. आम्ही नुसते गरम होतो.

"काय म्हणून राह्यला तो?" सासू आशाबाई पाळीवर शेळी घेऊन आली होती.

"आत्याबाई, तो म्हणते नंबर, फोटो, सारं पाहू द्या. मंगच हिशोब करीन."

आशाबाईनं शेळीचा दोर दुसऱ्या हातात घेतला. "पोरगी पाहाले येणारे पावने बी आधी च्या पेते, मंग विचारते. हा त उंबऱ्यातूनच सांदूक उघड म्हणून राह्यला. कोणाच्या घरचा हाय हा?"

कोणाच्या घरचा, ते त्यानं कुठंच लिहिलेलं नव्हतं. रंजीतानं बोट उचललं. मी थंड झालो.

तिसऱ्या अ‍ॅपवर एक लहानशी चिमणी होती. त्यानं पगाराची तारीख विचारली नाही, नंबर मागितले नाहीत आणि रेंज नसली तरी ते चालायचं. पण खरं सांगू का? एवढं पाहून-तपासून शेवटी ते घेतलं गेलं ते हर्षामुळे. ती अक्षरं जुळवत म्हणाली, "चि... म... णी. माय, चिमणीवालं घे!" अन् घेतलं. माणसं अशीच निवडतात. कारणं नंतर शोधतात.

चिमणीचा नियम सोपा होता. आलेला पैसा जास्त असला की ती हिरव्या फांदीवर बसून गायची. खर्च जास्त झाला की फांदी लाल व्हायची आणि चिमणी मान खाली घालून डोळे मिटायची.

सुरुवातीला घरात मौज झाली. सगळे मला घेऊन अंगणात बसत आणि खर्च सांगत. हेमराजच्या खर्र्याला मात्र रकाना सापडेना. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीची घोटलेली पुडी. त्याच्याशिवाय आमच्या इकडच्या माणसाची सकाळ होत नाही.

"आरोग्यात टाक," हेमराज म्हणाला.

"आरोग्यात?"

"मंग! खर्रा खाल्ल्याबिगर माही तब्येत लागत नाई."

हसत हसत टाकला. चिमणीनं पंख फडफडवले आणि लिहून दाखवलं, 'वा! तुम्ही आरोग्याची छान काळजी घेत आहात!' हेमराजनं ते तीनदा वाचून दाखवलं. मग रोजच टाकू लागले.

कापणी झाली. थोडं धान विकलं, त्यातून ट्रॅक्टरचं भाडं आणि मजुरी दिली. त्या महिन्यात चिमणी एवढी गायली की कोंबड्या गोळा झाल्या. पण संक्रांतीचा महिना लागला आणि पैसा यायचा थांबला. आमच्याकडे पूस-माघात पैसा येतच नाही, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. चिमणीला नव्हतं. फांदी लाल झाली.

"माय, चिमणी रडून राह्यली," हर्षा म्हणाली, आणि तिचेही ओठ वाकडे झाले.

तेव्हापासून रंजीताचा जीव उडाला. ती दिवसातून दहादा मला उघडायची. चिमणीनं डोळे उघडावेत म्हणून तिनं भाजीत तेल कमी केलं, च्यात साखर कमी केली. हर्षाला पेन्सिल पाहिजे होती, तर जुनीच टोक काढून दिली. फांदी लालच.

आशाबाईनं एक दिवस वाटीतली भाजी हलवून पाहिली. "ह्या चिमणीपायी भाजीत आपलं तोंड दिसून राह्यलं. त्या मोबाइलले का होते, त्याले भूक लागत नाई."

मला वाईट वाटलं. भूक मलाही लागते, पण माझी भूक वायरीनं भागते. आम्ही विचारलं तेवढंच सांगतो, आणि लोक विचारतात तेवढंच ऐकतात.

मग देवाजी मुकादम आला. माणूस वाईट नाही, गोड बोलतो. अंगणातल्या खाटेवर बसून त्यानं च्या घेतला.

"यंदा तिकडं मिरची जोरात हाय, हेमराज. गाडी परवा निंघते. नाव लिहू ना?"

हेमराज रंजीताकडे पाहायला लागला. रंजीता माझ्याकडे. लाल फांदी, मिटलेले डोळे.

"पोरीचं कसं करू, देवाजीभाऊ?" तिनं हळूच विचारलं.

"घेऊन ये. लेकरू तं हाय, खेळत राहीन ढिगाजवळ."

ढिगाजवळ! रंजीताचा हात आपोआप पदराकडे गेला. हर्षा दारात पाटी घेऊन उभी होती. देवाजीभाऊनं उचलीच्या नोटा खाटेवर ठेवल्या आणि वर तंबाखूची डबी ठेवली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

"गिरणीले न्यायचं धान काढू द्या, मंग सांगू," रंजीता म्हणाली. खरं तर तिला रडायचं होतं, आणि आमच्या घरात रडायला ढोलीमागेच जागा आहे. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं लिपलेली धानाची कोठी. ती पिढ्यावर, म्हणजे लाकडी पाटावर, चढली, मला पोलक्यात खोचलं आणि वरून ढोलीत हात घातला.

हात कोपरापर्यंतही गेला नाही. धान लागलं.

ती तशीच थांबली. मागच्या साली याच दिवसांत सारं धान एकदम विकलं होतं, तेव्हा ती खांद्यापर्यंत आत वाकली होती आणि बोटांना बुडाचं शेण लागलं होतं. हे मला ठाऊक आहे. तेव्हाही मी पोलक्यातच होतो आणि ढोलीत पडता पडता वाचलो होतो.

"अजी!" ती आतून ओरडली. "हे धान चिमणीले सांगतलंच नाई आपण!"

खरंच नव्हतं सांगितलं. चिमणीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात शिल्लक किती? रंजीतानं डब्यातली चिल्लर मोजून लिहिली होती. कापणीनंतर ढोलीत भरलेलं धान, मडक्यातली वाळलेली मोहफुलं, तुरीची डाळ, कोंबड्या, यातलं काहीच तिला शिल्लक वाटलं नव्हतं. घरात असते ते घरच असते, पैसा नसते.

ती हाताला लागलेल्या भुशासकट तशीच बाहेर आली. आशाबाईनं बोटांवर हिशोब धरला, एवढं धान तेंदूच्या दिवसांपर्यंत खायला पुरते.

"अन् तेल-मीठ? दवाई?" देवाजीभाऊनं विचारलं. प्रश्न खोटा नव्हता.

रंजीतानं मला उघडून खर्चाचं गोल चित्र काढलं. किराण्यानंतर सगळ्यात मोठा तुकडा कशाचा होता ठाऊक आहे? आरोग्याचा.

तिनं तो तुकडा नवऱ्यापुढं धरला. "अजी, आपल्या घरी एवढं बिमार कोण हाय?"

हेमराजच्या गालात पुडी होती. त्याला बोलताही येईना, थुंकताही येईना. आशाबाई एकदम शेळीकडे पाहायला लागली, कारण लेकाच्या पुडीतला अर्धा खर्रा तिच्याच गालात जातो. देवाजीभाऊ मात्र एवढा हसला की खाट करकरली.

"हा खर्च निम्मा केला तरी तेल-मीठ निंघते," रंजीता म्हणाली. "बाकी इथीच बांबूच्या कामावर जाऊ आपण दोघं. नाव नका लिहू, देवाजीभाऊ."

हेमराज उठला, कुंपणाजवळ जाऊन थुंकला आणि परत आला. "नको लिहू, भाऊ," म्हणाला. "माही तब्येत आता बरी हाय."

देवाजीभाऊनं डबी उचलली, नोटा उचलल्या. जाता जाता हर्षाच्या पाटीवर टिचकी मारून गेला.

ठरल्या दिवशी गाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा हर्षा शाळेत होती.

आता मी खिळ्याला टांगलेला असतो. तडा कोपऱ्यातून मधोमध आला आहे, पाठ थोडी फुगली आहे. माझे फार दिवस राहिले नाहीत, हे मला कळते. चिमणी अजून पोटात आहे. तिची फांदी आजही लाल आहे, पण घरात कोणी घाबरत नाही. हर्षानं तिला सांगून ठेवलं आहे, "रडू नको, आपल्या ढोलीत धान हाय." भाजीत तेल दिसते. हेमराज दिवसाला एकच पुडी खातो म्हणतो. आशाबाईचा मात्र अजून हिशोब लागत नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. बाजारात, बचत गटात, विहिरीवर कोणी बाई हिशोबाचं अ‍ॅप शोधताना दिसली तर तिला सांगा, जे उंबऱ्यातूनच सांदूक उघड म्हणते, त्याला आत घेऊ नको. आणि कोणत्याही चिमणीनं डोळे मिटले, तर गाडीत नाव लिहायच्या आधी एकदा ढोलीत हात घालून पाहा म्हणावं.

एवढा निरोप पुढं द्या. माझी रेंज बोडीच्या पाळीपुरतीच आहे. तुमचा आवाज लांब जातो.