गड्डा राहू द्यावा रानी

नागपंचमीला सुमनबाई विष्णुपुरीहून माहेरी आल्या, की पायावर पाणी घ्यायच्या आधी विचारायच्या, "वैनी, कर्टुली हायती का?"

भावजय तुळजाबाईचं चाळीस वर्षं एकच उत्तर. "न्हाईत वन्सं. बेटावरची सरली सारी."

"माय गेली माझी, तवापून बेटबी माहेरपण इसरलं म्हनायचं."

टोमणा हसत यायचा आणि रुतून बसायचा. चाकूरजवळच्या या गावात तुळजाबाई नवी नवरी म्हणून आली, तेव्हा गावामागची ती टेकडी, बेट, कर्टुल्यांच्या वेलांनी भरलेली असे. रोज कोण चढणार, म्हणून पहिल्याच श्रावणात तिनं वेलाचा जमिनीतला गड्डाच खणून आणला आणि न्हाणीमागं पुरला. तो कुजला. पुढं सालोसाल बेटावरचे वेलही दिसेनासे झाले. सासू मात्र जात्यावर म्हणत राहिली,

कर्टुलं खुडा बाई, गड्डा राहू द्यावा रानी
पंचमीला येती लेकी, काय वाढू त्यांच्या पानी?

ही ओवी लागली की तुळजाबाई दुसऱ्या ओळीआधीच जात्यावरून उठायची.

औंदा पंचमीच्या सकाळी वनरक्षक स्वप्नाली दारात आली. हरणांनी आत जाऊ नये म्हणून चार वर्षांमागं वनखात्यानं बेटाच्या एका उताराला जाळी घातली होती. "मावशी, आत काय काय उगवलंय ते बघायला चला. पुस्तकातली नावं हायत माझ्याकडं, गावातली न्हाईत."

नणंद-भावजय दोघी निघाल्या. जाळीबाहेर रान झाडून घेतल्यासारखं. वर मोठी झाडं, खाली नुसती माती अन् लेंड्या. आत पाऊल टाकलं तर गवत कमरेला! तरवड, गुळवेल, पळसाची वीतभर रोपं. जुन्या सया भेटाव्यात तशी तुळजाबाई एकेकीला नावानं हाक मारत चालली. आणि बोराटीवर चढलेला एक वेल दिसला. पिवळं फूल, पानाआड दोन काटेरी कर्टुली.

तिथंच ती खाली बसली. "वन्सं, म्या उकरला हुता गड्डा. माझ्यापायी तुमचं पान रिकामं राहिलं."

"एका गड्ड्यानं कुठं रान सरतं, मावशी?" स्वप्नाली म्हणाली. "हरणं वाढली. कोंब वर आला की खुडायची. खाली गड्ड्यांत जीव होताच."

सुमनबाई वेलाकडं बघत होत्या. "मला ठावं हाय, वैनी. कुजका गड्डा मायनंच दावला हुता."

"मंग दरसाल इचारत का हुता?"

"तू कवा सांगतीस म्हनून. वाटच बघून राहिले की."

त्यांनी कर्टुल्याकडं हात पुढं केला, तशी स्वप्नाली म्हणाली, "आत्या, इथलं तोडायचं न्हाई हं."

"तोडत न्हाई गं माय. हात तर लावू दे."

बेट उतरताना सुमनबाईंनी ओवी उचलली आणि अर्ध्यावर सोडली. दुसरी ओळ तुळजाबाईनं म्हटली, कापऱ्या आवाजात, पण पुरी.

"आता फुडल्या पंचमीला काय इचारू तुला? टोचायला दुसरं हुडकावं लागंल."

"हुडका की," तुळजाबाई डोळे पुसत म्हणाली, "लई हायती."