मागे घेतलेला नकाशा

निम्म्या बालाघाटच्या दारांना नथ्थू सुताराने चौकटी बसवल्या होत्या. पण आपल्याच घराला एक खोली वाढवायची तर कागदावर नकाशा काढून नगरपालिकेची मंजुरी घ्यावी लागते, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

खोली हवी होती मुलाच्या, भोजराजच्या लग्नासाठी. कटंगीच्या पुनारामची मुलगी पुष्पलता सून म्हणून यायची होती, आणि घर म्हणजे एक मोठी खोली आणि पुढे ओसरी. “फागुनात लग्न, त्याच्या आत नवी खोली,” असं नथ्थूने बैठकीत चारचौघांसमोर पुनारामला सांगून टाकलं होतं.

एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी बारा फूट बाय दहाच्या खोलीचा नकाशा काढून दिला. ओव्हरसियर येऊन फीत लावून गेला. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी, अशी नोटीस भिंतीवर लागली. दिवस सरत गेले. नथ्थूने सागाची चौकट रंधा मारून तयार ठेवली, आणि सत्ताविसाव्या दिवशी हरकत आली. शेजारच्या चंपाबाईची. अर्ज हिंदीत होता, खाली तिचा अंगठा.

सीताबाई, नथ्थूची बायको, ऐकून ओसरीवरच बसली. “तीस वर्सं मांडीले मांडी लावून राह्यलो. भोजराजच्या बारशाले पाळणा तिनंच हालवला. अन आता त्याच्या लग्नात आडवी येऊन राह्यली?”

नथ्थू नगरपालिकेत गेला. ओव्हरसियर भला माणूस होता. फाईल उलटून हसला. “घबराओ मत, नथ्थूभाऊ. बुढिया कहती है उसकी खिड़की बंद हो जाएगी. पर वह खिड़की रजिस्टर में दर्ज ही नहीं है. सोमवार को सुनवाई है, आपत्ति खारिज समझो.”

नथ्थूचा जीव भांड्यात पडला. तरी मनात सल राहिलाच. रोज दिसणारी बाई एका शब्दानं बोलली नाही आणि सरळ कचेरीत गेली. रविवारी दुपारी तो तिला जाब विचारायला म्हणूनच तिच्या दारात उभा राहिला.

चंपाबाई आत खिडकीखाली सूप घेऊन तांदूळ निवडत होती. नथ्थू समोर येऊन उभा राहिला तरी ती मान वाकवून बोटांनी दाणे चाचपत होती.

“मावशी,” तो म्हणाला.

“कोन? नथ्थू काय?” तिने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. डोळ्यांवर दुधावरच्यासारखी साय आलेली होती. मोतीबिंदू. रोज भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नथ्थूने ते आज पहिल्यांदा पाहिलं.

“मावशी, तुले दिसत नाई?”

“सकाळी काईच नाई दिसत. दुपारी या खिडकीतून ऊन आलं का मंग थोडं दिसते. तेवढ्यात निवडतो, रांधतो, चूल इझवतो. मंग निजतो.”

“अन मले काहून नाई सांगतलं? कचेरीत काहून गेली?”

चंपाबाईने सुपातले दाणे इकडून तिकडे केले. “कोन्या तोंडानं सांगू, बापू? पोट्ट्याचं लग्न हाय तुह्या. खोली बांधू नोको, असं म्हनाले जीभच उचलली नाई. दोनदा तुह्या ओट्यापर्यंत आलतो अन परत गेलतो. मंग त्या अर्जीवाल्याले सांगतलं. त्यानं काय लिवलं ते मले मालूम नाई.”

नथ्थू पुढे झाला आणि सुताराच्या सवयीने त्याने खिडकीचं झडप लोटून पाहिलं. खोलीत अंधार झाला. चंपाबाईचा हात दचकून सुपाला लागला, तांदूळ जमिनीवर सांडले. “काहून लावली रे?” ती घाबरून म्हणाली आणि पालथ्या हाताने जमीन चाचपू लागली.

त्याने झडप उघडलं. खाली बसून सगळे दाणे गोळा करून सुपात टाकले. भांडायचं राहूनच गेलं.

सोमवारी सुनावणीला चंपाबाई आली नाही. नथ्थू उभा राहून म्हणाला, “साहेब, माझा नक्शा मी वापस घेऊन राह्यलो. खोली पाच फूट मागं घ्याची हाय.”

ओव्हरसियरने चष्मा काढला. “अरे, जीता हुआ मामला है! नया नक्शा मतलब नए तीस दिन. और बीच में चुनाव हैं, हम सबकी ड्यूटी लगी है. फागुन तो गया समझो.”

“हौ,” नथ्थू म्हणाला.

घरी मात्र भडका उडाला. सीताबाईने दोन दिवस बोलणं टाकलं. ताट समोर आदळायची आणि आत जायची. भोजराज ओरडला नाही, पण म्हणाला, “बाबा, लगन माहं हाय. मले एकदा तं इचारायचं.” पोराचं खरं होतं.

सगळ्यात अवघड काम उरलंच होतं. शब्द दिला होता तो पुनारामला. नथ्थू सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीत बसला. वाटेत वारासिवनी स्टेशनवर भाताची पोती चढत-उतरत असताना तो मनात वाक्यं जुळवत होता, कटंगी येईस्तोवर एकही उरलं नाही. पुनाराम खळ्यावर भेटला. नथ्थूने चहाचीही वाट न पाहता सगळं सांगून टाकलं.

पुनारामच्या कपाळावर आठी पडली. “म्हंजे तुम्ही दुसऱ्याच्या चुलीसाठी माह्या पोरीची खोली कापली, इवाई.”

“कापली.”

“किती राह्यली?”

“सात बाय दहा. अन तेही फागुनात नाई होनार.”

पुनाराम खळ्याच्या कडेला जाऊन परत आला. “राग तं आला मले. खोटं काहून बोलू? पन हे तुम्ही चिठ्ठीत नाई लिवलं, गाडीत बसून सांगाले आले.” त्याने पायाने पेंढा बाजूला सारला. “लगन फागुनातच होईन. गौना पावसाच्या आधी. खोली झाली का पोरीले घेऊन जा. तोपर्यंत माह्या घरीच राहीन.”

लग्न ठरल्या दिवशी झालं आणि नवरी माहेरीच राहिली. भोजराजला मित्रांनी चिडवून सळो की पळो करून सोडलं. मग निवडणुका आटोपल्यापासून दर दोन दिवसांनी तो स्वतःच नगरपालिकेच्या ओसरीवर जाऊन बसू लागला. बाबू त्याला पाहिलं की हसायचे. या वेळी चंपाबाईने नाहरकतीवर अंगठा दिला, तो द्यायला सीताबाईच तिचा हात धरून तिला घेऊन गेली. वाटेत दोघी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही.

मंजुरी वैशाखात आली. ज्येष्ठाच्या उन्हात भिंती उभ्या राहिल्या, छपरावर कवेलू चढले. खाट दारातून आत जाईना, म्हणून नथ्थूने ती खोलीतच बसून ठोकली.

गौन्याच्या दिवशी पुष्पलता आत गेली, तशी सीताबाई दारात घुटमळली. “लहान वाटते काय वो, बाई?”

पुष्पलता पदर सावरून हसली. “आम्ही बहिनी-बहिनी पाचजनी एका खोलीत निजत होतो, मामी. इथं तं दोघंच हाओ.” म्हणाली आणि लाजून तिने जीभच चावली.

पोरीला पोचवायला आलेला पुनाराम ओसरीवर खोकला. नथ्थूने तंबाखूची डबी त्याच्याकडे सरकवली, आणि दोघे व्याही अंगणाकडे तोंड करून तंबाखू मळत बसले.