लाल डोंगराची रंगपाटी

मित्रांनो, माझ्या जिवावर पैज लागली तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"हा डोंगर ओळखणारा एक माणूस दाखव," माझ्या मालकाच्या ताज्या चित्राकडे बोट करत न्हावीकाका म्हणाले, "भर चौकात माझी अर्धी मिशी उडवतो. अर्धीच हं! पूर्ण उडवली तर लोकांना वाटेल, फॅशन केली."

"आणि नाही कुणी ओळखला तर?" मालकाची बहीण, शिवणकाम करणारी ताई, दातांनी दोरा तोडत म्हणाली.

"तर ही पाटी माझ्या चुलीत. दाढीचं पाणी तापवायला."

"लागली!"

ती पाटी म्हणजे मी. रंग कालवायची जुनी लाकडी पाटी. अंगठा घालायला एक भोक, बाकी अंग सपाट. शवपेट्या करणाऱ्या सुताराने उरलेल्या फळीतून मला कापलं. माझे भाऊबंद सगळे जमिनीखाली गेले, मी तेवढी वर राहिले.

माझा पहिला मालक म्हणजे आताच्या मालकाचा मामा. तो माझ्यावर रंग इतके कालवायचा की शेवटी सगळ्यांचा चिखल व्हायचा. त्याच चिखलाने झाडं, ढग, गाई, सगळं रंगवायचा. लोक म्हणायचे, "वा, अगदी खरं!" रोज काम संपलं की तो मला तेल लावून पुसायचा. काय थाट होता माझा!

मामा गेला आणि माझा थाटही गेला. भाचा मला पुसेना. पुसणं राहू द्या, गडी रंग कालवेचना! नळी पिळली की लाल तो लाल, निळा तो निळा, उचलायचा आणि थेट कापडावर. चांगल्या कढईत कुणी नुसते चमचे ठेवावेत, तशी माझी गत. अंगावर रंगाचे खडे वाळत गेले.

मग गावाबाहेरच्या डोंगरातली दगडाची खाण कोसळली. सुरुंग वेळेआधी उडाला. खाली राहिलेली माणसं खालीच राहिली. त्यानंतर मालक रोज सकाळी मला घेऊन तिथे जाऊन बसायचा. समोर डोंगर धुळीने पांढराफटक, आणि हा लाल पिळतोय! आभाळ पिवळं, झाडं जांभळी. मी म्हटलं, गेला हा कामातून.

तर तेच चित्र काकांच्या दुकानात टांगलं. मालक कोपऱ्यातल्या बाकावर बसला. दिवे लागेपर्यंत मुदत. कुणी काही सुचवायचं नाही.

खाटीक आला. म्हणाला, "माझं दुकान काढलंय का रे?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "जहाजाला आग लागलीय."

गवंडी म्हणाला, "उलटं टांगलंय." काकांनी चित्र फिरवून दाखवलं. "हां, आता कळलं!"

"काय कळलं?"

"की सुलटं असतानाही काही कळत नव्हतं."

दुकान हसून लोळत होतं. चुलीवर पाणी उकळत होतं आणि तिच्याशेजारी सरपणावर मी. ताई दारात उभी राहून रस्त्याकडे डोळे लावून होती.

दिवे लागायच्या सुमाराला धुणंवाली मावशी दुकानाचे टॉवेल घेऊन आली. तिचा एकुलता एक मुलगा त्या खाणीत गेला होता. गाठोडं ठेवायला वाकली, ती तशीच राहिली.

"खाण आहे ना ही?"

काकांचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. "मावशी, नीट बघा. खाण पांढरी आहे."

"तुला असेल. मी धावत गेले तेव्हा अशीच होती." तिने एका नारिंगी कपारीवर बोट टेकवलं. "इथं बसून जेवायचा तो."

कपारीखाली कापड कोरंच होतं. "इथं रंग का नाही रे?"

मालक दिवसभरात पहिल्यांदाच बोलला. "तिथं कुठला लावू, ते कळलं नाही, मावशी."

चूल विझली, तरी कुणी फुंकर घातली नाही.

मित्रांनो, आता मी काहीतरी शिकवायला हवं, नाही का? तर ऐका. जुन्या वस्तू जपा, पुसा. पण माझ्या अंगावरचा वाळलेला लाल खरवडू नका. तो घाण नाही. आणि एखाद्याच्या चित्राला हसायचंच असेल तर खुशाल हसा. फक्त आधी बघा, आपल्या शेजारी कोण उभं आहे.

दुसऱ्या दिवशी चौकात ही गर्दी! लोक हसायलाच आले होते. काकांनी दुकानातली खुर्ची बाहेर आणली, पण तीत मावशीला बसवलं. स्वतः तिच्यासमोर उभे राहिले, एका हातात आरसा, एका हातात वस्तरा. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"मावशी, तुम्हीच सांगा. कुठली बाजू?"

मावशीने त्यांच्या मिशीच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

"डावी," ती म्हणाली. "माझ्या पोराची दाढी करताना तू दर वेळी डावीकडेच कापायचास."

काकांनी मान हलवली, आणि वस्तरा डावीकडे लावला.